करंगळी

अशोक चौकातल्या शाळेत गुर्रम गुरुजींच्या तासाला
करंगळी वर केली की जाता यायचं.
वर्गात सगळ्यात जास्त करंगळी माझी.
खोटी.
चिंचेखाली पाच मिनिटं बसायचं, परत.

आता एकसष्टाव्या वर्षी
खरी वर होत नाही.
ओटीपोटात भरत राहतं, भरत राहतं,
आतून कुणीच विचारत नाही, गुरुजी, जाऊ का?

सिव्हिलमधल्या मुलीनं गार जेल फिरवून पडद्याकडे बघितलं.
काका, सहाशे पन्नास एमएल.
जाऊन आलात ना आत्ताच?
आलो की.
हे जाऊन आल्यानंतरचं आहे.

सत्तावीस वर्षांची साखर.
मी तिला पायात शोधत होतो,
डोळे दर दिवाळीआधी तपासून घेत होतो,
आणि ती इथं बसली होती,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी, आवाज न करता.

मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर
पत्र्याची एक पट्टी लोंबते.
धागा तुटला, पट्टी पडली, माग थांबला.
चौतीस वर्षं मी त्या टक्‌ वर जगलो.
चहा तोंडाशी असला तरी कान तिकडे.
डॉक्टर नसांबद्दल बरंच बोलले.
मला एवढंच कळलं:
धागे तुटलेत, पट्ट्या पडत नाहीयेत
आणि माग चालूच आहे.

अंबूनं गजर लावलाय, दर चार तासांनी.
विडीला दोरा गुंडाळताना मान वर न करता म्हणते, उठा.
मला लागलेली नसते.
न लागता उठायचं, हेच सध्या औषध.
आणि नळी.
पहिल्या आठवड्यात हात थरथरला.
यंदा गड्ड्याला गेलो तेव्हा एका खिशात नळी, दुसऱ्यात साबण,
पाळण्यात बसलो नाही, एवढंच.

बहिणीची नात श्रावणी पुण्यात उंदरांना मधुमेह देते.
असंच म्हणते ती, देते.
मग त्यांच्या फुगून सैल झालेल्या मूत्राशयात
सुईनं मूळपेशी सोडते.
काही उंदीर पुन्हा वेळेवर मुतायला लागतात, ताता.
हे ती जेवताना म्हणाली, शेंगाचटणी दह्यात कालवत,
आणि अंबू तोंडाला पदर लावून हसली.
किती महिन्यांनी.

मी विचारलं, त्या पेशी आत जाऊन नवी नस विणतात?
नाही. बऱ्याचशा थोड्याच दिवसांत मरून जातात.
मग?
मरायच्या आधी शेजारच्यांना काहीतरी सांगून जातात.
काय?
तेच शोधतोय.

आमचा जॉबर यल्लप्पा आठवला मला.
शेवटच्या वर्षी दिसायचं नाही त्याला,
मालक यंत्राला हात लावू देत नव्हते.
स्टुलावर बसायचा, खोकायचा.
त्या वर्षी आमच्या ओळीतल्या चादरींत तूट कमी निघाली.
तो गेल्यावरही काही दिवस.

होटगी रोडला बोर्ड लागलाय:
मूळपेशी, एक इंजेक्शन, कायमचा आराम, अडीच लाख.
धाकटा म्हणाला, प्लॉट काढू.
श्रावणीला फोटो पाठवला.
उत्तर आलं, याच्याकडे मी माझा उंदीरसुद्धा पाठवणार नाही.
माणसांवर मग कधी, विचारलं.
टाइप करतेय, टाइप करतेय, असं बराच वेळ दिसलं.
मग काहीच आलं नाही.

बऱ्या झालेल्या उंदरांचं पुढे काय होतं
तेही तिनं त्या दिवशी सांगितलं होतं.
आत काय बदललं ते बघायला
कापावं लागतं.
नावं ठेवतेस का गं त्यांना?
नंबर असतात. एकवीस नंबर सगळ्यात चांगला होता.

रात्री दोनला गजर होतो.
विडी घरकुलात कुत्री गप्प, कुणाचा तरी माग अजून चालू.
मी उठतो, दिवा लावतो, हात धुतो,
नळीचं पाकीट फोडतो,
आणि एकवीस नंबर आठवतो.
पिंजऱ्यात झोपला असेल अंगाचं वेटोळं करून,
आणि कुणी गजर न लावता
मधेच जागा झाला असेल.

त्याला लागली होती.
खरी.